तहहयात

न्यायाधीश सोल्वेग टोर्विक गुरुवारी गेल्या.
पेपरात चार परिच्छेद. जन्म, शिक्षण, नेमणुकीचं साल,
मागे एक भाची आणि एक मांजर.
मांजर मी घातलं. पेपरवाल्याने विचारलं, आणखी कोण?

सव्वीस वर्षं मी त्यांच्या पुढ्यात बसले,
डुलूथच्या फेडरल कोर्टात, स्टेनोच्या बुटक्या खुर्चीवर.
खिडकीतून सरोवर दिसायचं, आणि तो लांबलचक धक्का
जिथे त्यांच्या बापाने वाघिणींत गोठलेलं लोहखनिज
पहारीने फोडण्यात जन्म काढला.
बाई बोलल्या ते सगळं मी टिपलं.
साक्षीदार खोकला, तर खोकला टिपायचा नाही.
रडला तरी नाही.
गप्प बसला, तर त्यासाठी मशीनवर कळच नाही.

ऐंशी साली, पहिल्या दिवशी,
मिनियापोलिसचा एक बडा वकील बूट आपटत आत आला,
बर्फ झटकला, बाईंना म्हणाला,
"पोरी, मशीन कुठे मांडणार तुझं?"
बाईंनी माझ्याकडे बोट केलं.
"मशीन रोबिडोचं. मी नुसती बोलणार आहे."
तो खटला तोच जिंकला, हे मुद्दाम सांगते.
त्याची बाजू खरी होती.

पुढे कागद गिरणीविरुद्ध निकाल दिला.
गिरणीत सख्खा भाऊ फोरमन.
त्याने मरेपर्यंत हाक मारली नाही.
बाई दुपारी क्रॅकरवर खारवलेला मासा खायच्या, एकट्या,
चेंबरला वास मारायचा,
आम्ही कोणी बोललो नाही.

नेमणूक तहहयात.
कधी कधी शिक्षाही तहहयात.
माझ्या मशीनवर दोन्हीला ठोका एकच.

मग वॉशिंग्टनहून तक्ता आला.
उभ्या रकान्यात नवा गुन्हा, आडव्या ओळीत जुने,
दोन्ही जिथे भेटतील तितके महिने.
वेंडेल कोस्की, वय एकोणीस,
दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याची पिशवी मांडीवर.
दहा वर्षं. त्याखाली कायदा उतरू देईना.
आई मागच्या बाकावर, हातावर त्याचा हिवाळी कोट,
सुटला तर घालून न्यायला.
बाई म्हणाल्या, "हे मला पटत नाही."
नंतर म्हणाल्या, "तरी मी हे करते आहे."
नोंदीत ही वाक्यं एकाखाली एक आहेत, खेटून.
मध्ये भिंतीवरचा काटा एक अख्खा फेरा फिरला होता.
तो कुठेच नाही.

परवा भाचीबरोबर घर आवरलं.
टेबलाच्या खणात, सर्वात वर,
वरच्या कोर्टाने उलटवलेले त्यांचे सतरा निकाल.
त्याखाली एक हिशेबाची वही.
नावं. प्रत्येकापुढे सुटकेची तारीख, पेन्सिलने.
सुटला की टिकमार्क.
वही दोन हजार एक्केचाळीसपर्यंत आखलेली,
तेव्हा बाई एकशेसहाच्या झाल्या असत्या.
सात नावांपुढे तारीख नाही, नुसती रेघ.

कोस्कीपुढे टिकमार्क, आणि बारीक अक्षरात:
"बर्फ. न्यायला कोणी नाही."
सँडस्टोनचा तुरुंग इथून तासाभराच्या पुढे.
गाडी कुठे उभी केली असेल?
काच खाली केली असेल का?
त्याच्यापुढे एक शब्द आहे, गिरवून गिरवून खोडलेला.
दिव्याखाली धरला, पाठीमागून पाहिला.
सव्वीस वर्षं या बाईचा एक शब्द निसटू दिला नाही मी.
हा लागेना.

भाची म्हणाली, वही तू ने.
पुढचं नाव नऊ मार्चला सुटतंय, सकाळी आठला.
पेन्सिल आहे माझ्याकडे.
गाडीचं बघावं लागेल,
माझी थंडीत लवकर सुरू होत नाही.