अनामिका

सूरच्या दवाखान्यात, दुपारी बाराला,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असताना
शरफुद्दीन परकार टेबलावर तळहात उघडतात.
उघडतात म्हणजे जमेल तेवढा.
अनामिका आत वळलेली, करंगळी तिच्या मागोमाग,
जणू एखादा दोर अजून सोडायचा राहिलाय.
चाळीस वर्षं गलबतांच्या फळ्यांना खिळे ठोकले या हातानं.
आता तोंड धुताना बोट डोळ्यात जातं.

मी फाइलीत लिहिते : ड्युपिट्रेन.
"हे कोण?"
फ्रान्समधले सर्जन. दोनेकशे वर्षं झाली.
"त्यांचं बोट वाकडं होतं?"
नाही. त्यांनी दुसऱ्याचं बघितलं.
"आणि दुसरा?"
दुसऱ्याचं मला शिकवलं नाही कुणी.

परकार हसतात, दात सुपारीनं तांबूस.
"आमच्या खाडीच्या तोंडाला खडप हाय, हसन्याची खडप.
हसन्यानं शोधली नाय ती.
त्याची होडी फुटली तिथं.
नाव ठेवायची आमची रीतच उलटी, बाय."

मेणाच्या शेकाला हात बुडवून ते डोळे मिटतात.

रात्री खोलीवर, धुतलेला युनिफॉर्म
गॅलरीत कडक वाळत असताना, मी मोजते :
माझ्या पोटात फॅलोपियन राहतात, डग्लस राहतात,
ग्राफ तर दर महिन्याला नवी जागा धरतात.
सगळे पुरुष, सगळे परके,
भाडं एकाकडूनही आलेलं नाही.

मार्चमध्ये डावी नळी फुटली.
मस्कतला नेईपर्यंत ॲम्ब्युलन्सच्या खिडकीतून
नुसते डोंगर, करपलेल्या भाकरीसारखे.
डिस्चार्ज कार्डावर फॅलोपियनांचं स्पेलिंग बिनचूक होतं.
माझं चुकलं होतं. वृंदाचं ब्रुंडा.
आणि नळीत जे होतं
त्याचं वय लिहिलं होतं, सहा आठवडे,
बाकी रकाना रिकामा.

खडप माझी. होडीही माझीच.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही,
गावी आईला तर नाहीच.

मंगळवारी परकार पुन्हा येतात,
कागदात बांधलेले चार खजूर घेऊन.
"तुमच्या फ्रेंचाला कळवा, फरक नाय."
मी त्यांचं बोट दोन बोटांत धरते,
हळूच मागे ओढते, जिथं कातडी पांढरी पडते तिथवर.
अनामिका सरळ होत नाही.
धरून ठेवायची असते फक्त,
तीस मोजेपर्यंत.
मी मराठीत मोजते. तेही.