अकरा कामांचं

सीताबर्डीच्या फुटपाथवरून साडेतीनशेला आणलं.
विकणारा म्हणाला, अकरा कामं करते, बाई.
महिनाभर पर्समध्ये ठेवून मोजली मी.

कात्री चांगली. दुधाची पिशवी, ब्लाउजचा दोरा,
एकदा कढीपत्ता.
पेचकस कुकरच्या मुठीला जाड पडला;
तिथं टोक मोडलेली जुनी सुरीच कामाची.
संत्र्याला तर नखच पुरतं.
डबा फोडायचं पातं अजून उघडलंच नाही,
आमच्याकडचे डबे झाकणाचे.

मे महिन्यात कूलरचा पंप बसला.
पक्कड इवलीशी, पण वायर सोलली तिनं,
खसच्या जाळीची तार पिळली.
तळहाताला वळ उठला,
पाणी चढलं.

दहावं काय आहे ते मला कळलं नाही.

अकरावा चिमटा, नखाएवढा.
शेजारच्या गजभियेकाकांच्या कानाच्या मशीनमध्ये
सेल उलटा अडकला होता, चार दिवस.
काढला, फिरवून बसवला.
काका थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले,
मग म्हणाले,
केवढा आवाज करून राहिला वो तुमचा कूलर!

तेव्हापासून दुपारी येतात,
खुर्ची त्याच्यापुढेच ओढतात
आणि तक्रार करतात.