बोटभर

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर
बावीस वर्षं मी फेस विकला.
कासंडी हातभर उंच धरून ओतायची,
मापाच्या काठावर पांढरा फेटा चढला
की म्हणायचं, "घ्या काकू, काठोकाठ."

पहिल्या वर्षी हात थरथरायचा थोडा.
मग डोकं मदतीला आलं.
डोकं फार इमानी, खाल्ल्या मिठाला जागतं.
ते म्हणालं, फेस तरी कुणाचा? दुधाचाच ना.
म्हणालं, पेंडीचा भाव बघितलास?
म्हणालं, निदान तू पाणी तरी घालत नाहीस.
एका अमावस्येला तर म्हणालं,
लोकांना फेस आवडतो, तू त्यांना आनंद देतोस.
ते ऐकून त्या रात्री
मला माझाच अभिमान वाटला.

पलीकडच्या खांबाला कलगोंडाची म्हैस.
तो माप भरायचा आणि थांबायचा.
नुसता थांबायचा,
माप पायाशी ठेवून, रिक्षांचे हॉर्न ऐकत,
फेस बसेपर्यंत.
मग वरून बोटभर दूध.
तालमीतली पोरं ओरडायची,
"मामा, अंगातला घाम वाळला की!"
गिऱ्हाईक माझ्याकडं वळायचं.
अख्खा कट्टा म्हणायचा, खुळं हाय ते.
मी सगळ्यांत मोठ्यानं.

परवा माझी म्हैस आटली,
दुसरी व्यायला अजून महिना.
नातीला दूध लागतं, म्हणून तांब्या घेऊन
त्याच्याच रांगेत उभा राहिलो.
त्यानं माप भरलं. थांबला.
मी म्हणालो, "भरलंय की, ओत."

चेष्टा नव्हती ती, शप्पथ.
मला भरलेलंच दिसत होतं.
वाकून बघितलं, डोळे चोळले.
दूध कुठं संपतं नि फेस कुठं सुरू होतो
ती रेघच सापडेना.

तो काही बोलला नाही.
फेस बसला. बोटभर खड्डा पडला.
त्यानं तो भरला,
पैसे मोजून घेतले, दोन रुपये सुटे परत दिले.

घरी सुनेनं तांब्या उचलला
आणि पुन्हा खाली ठेवला.
"मामंजी, लिटरच आणलंय नव्हं? जड लागतंय."

उत्तर किती सहज आलं तोंडातून,
किती समजूतदार:
"त्याचं माप चुकतंय, पोरी.
खुळं हाय ते."