सहीच्या जागी

पानाला आठ पेन्स मिळतात मला,
म्हणून अक्षर मोठं काढतो, ओळी विरळ सोडतो.
नौका-न्यायालयाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली मेज.
ओहोटी लागली की थेम्सचा चिखल नाकात बसतो.

आज ॲम्ब्रोज पेंगेली. वय, म्हणतो, चाळीसच्या आसपास,
आईला ठाऊक होतं, ती गेली.
धंदा खलाशी. गाव फॉय, परगणा कॉर्नवॉल.
जहाज 'कॉन्स्टन्ट ॲन'. झांटेहून लंडन. माल काळ्या मनुका.
ठराव दरमहा चोवीस शिलिंग.
अकरा महिने.
निघताना मिळालेली उचल
वॉपिंगच्या खाणावळवालीनं परस्पर कापून घेतली,
त्यानंतर दमडी नाही.

मी लिहितो: सदरहू साक्षीदार शपथेवर सांगतो की.

तो सांगतो, चौघांचा शिधा सहा जणांत.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, साहेब,
पण त्या पिंपातल्या मांसात मिठाखेरीज होतं काय?
जागलो आम्ही. तहानेनं जागलो.
मी लिहितो: शिधा अपुरा होता.

तो सांगतो, तळ गळतोय हे लिव्होर्नोलाच कळलं होतं.
मास्टर लुडकिन म्हणाले, पंप आहेत, हात आहेत.
मग सात आठवडे पंप.
झोपेतसुद्धा हात वरखाली व्हायचे,
शेजारचा वैतागून लाथ मारायचा.
मी लिहितो: साक्षीदाराने आपले काम चोख केले.

लुडकिनांचा वकील, हातमोजे न काढता:
नव्वद पिंपं भिजली. भरपाई खलाशांच्या पगारातून.
भाडं ही पगाराची आई.
आईच आटली तर लेकराला दूध कुठून?
पेंगेली जरा विचारात पडतो.
म्हणतो, ही बाई जहाजावर कधी दिसली नाही बुवा.
मी खाली मान घालून दौत सरळ करतो.

मग तो टोपी काढतो.
डोक्यातली नाही, खिशातली.
लोकरीची, निळसर, कुरतडलेली, मुलाच्या मापाची.
जेंकिनची, म्हणतो. केबिनचा पोऱ्या. तेरावं चालू होतं.
बिस्केच्या उपसागरात ताप आला, तीन दिवस.
शिडाच्या तुकड्यात शिवला त्याला. मी शिवला.

रिवाज असा, की मेलेल्याचं सामान
मोठ्या डोलकाठीपाशी लिलावात काढायचं.
पैसे घरच्यांना.
होतं काय त्याच्यापाशी? चाकू, कांबळं, ही.
दोन शिलिंगांची टोपी. मी अकरावर नेली.
चाकू स्वयंपाक्यानं नऊला घेतला, त्याच्याकडे चाकू असताना.
रोख कुणाकडे होते? वहीत मांडले,
पगारातून वळते करून
त्याच्या आईला, थॉमसीनला द्यायचे, असं.

आता पगारच नाही म्हणतात.
आमच्या गल्लीत तिसरं दार तिचं.
मी फॉयला जाऊ कसा?

खोलीत कुणी बोलत नाही.
वकील म्हणतो, अप्रस्तुत. गाळा.
मी वर बघतो. आमचे साहेब मान हलवतात.
मी त्या चार ओळींवरून रेघ ओढतो,
रेघ जरा बारीकच ओढतो,
खालचं वाचता येईल अशी. कोण वाचणार?
खोडलेल्या ओळींचेही पैसे मिळतात,
हे इथंच कबूल करून टाकतो.

वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला,
होडीत बसून तळाकडे कान लावावा तसा.
टोपीचं आलं का त्यात, विचारलं.
आलंय, म्हणालो.

खरं तर फुली पुरते. बहुतेक जण नांगर काढतात.
यानं लेखणी मुठीत धरली,
एक आडवी रेघ, तिच्यावर अर्धगोल.
नीट जमला नाही म्हणून पुन्हा गिरवला,
शाईवर फुंकर घातली
आणि टोपी खिशात ठेवून जिना उतरला.

मी शेजारी लिहिलं: ॲम्ब्रोज पेंगेली, त्याची खूण.
नवं पान घेतलं.
पुढचा साक्षीदार. वय?