नववा रकाना

कंपनीचा माणूस आला तेव्हा सुकती होती.
होडी धक्क्याला लागली नाही,
तो बूट हातात घेऊन नडगीभर चिखलातून चालत आला.
तेवढ्यानेच थोडा आवडला आम्हाला.

नागपूरकडचा, आडनाव डेकाटे.
समुद्र नोकरी लागल्यावरच पाहिला म्हणाला.
त्याच्या फायलीत साखरखारचं साखरखेर झालेलं,
एक काना गेला, एक मात्रा आली.
दुरुस्त करतो म्हणाला. वरून करावं लागतं म्हणाला.

गटाची सचिव मी, दहावीपर्यंत शिकलेली,
म्हणून चटईवर त्याच्याशेजारी मी बसले.
रकाने आठ.
लाभार्थीचं नाव, वय, जात,
कुटुंबात माणसं किती,
उत्पन्न आधी, उत्पन्न नंतर,
आरोग्य,
इतर.

सुकवणीची शेड कातळावर उभी आहे,
प्लास्टिकच्या काचेची, वर निळे पत्रे उन्हाकडे तोंड करून.
आत पंखे घुमतात, मधमाशांचं पोळं असावं तसे.
चाळीस किलो सुकट एका दिवसात वाळते,
माशी बसत नाही,
खाताना दाताखाली वाळू कचकच करत नाही.
चिपळूणचा व्यापारी पिशवी नाकाशी नेतो
आणि घासाघीस न करता भाव सांगतो.
हे खरं आहे. लिहा.
दारावरची पाटी दाराहून रुंद आहे,
तेही खरं.
ते नका लिहू.

खाडीपलीकडे तुमची चिमणी.
तिच्या पायथ्याशी पाणी कोमट बाहेर येतं.
पोरांना पाय घालून बसायला मजा वाटते,
मांदेलीला नाही वाटली.
ती आधी पाच वाव खोल गेली, मग दहा.
माझा दीर न्याहारीला परत यायचा,
आता डिझेल भरून जातो आणि दिवेलागणीला येतो,
कधी नुसतं डिझेल संपवून येतो.
सुकवायची सोय झाली, साहेब.
सुकवायला काय, ते विचारा.

डेकाटे म्हणाला, तो विभाग वेगळा.

असेल.
विभाग आमच्यातही असतात,
धरणारे वेगळे, सुकवणाऱ्या वेगळ्या,
रात्री मात्र एकाच टोपातला भात.

त्याने पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं.
मग विचारलं, शेड आल्यापासून काय बदललं?
मरियम सोलकर म्हणाली, कावळे पलीकडच्या वाडीत गेले,
तिकडच्या बायका आम्हाला शिव्या देतात.
कुशावर्ता नुसती पाठीला हात लावून हसली.
रुक्खीआत्या बोलेल असं कोणाला वाटलं नव्हतं.
बावन्न वर्षं तिने खळ्यात उन्हातान्हात मासळी परतली,
हातात काठी, नजर आभाळात.
ती म्हणाली, मी झोपले.
कधी?
दुपारची. गेल्या मंगळवारी.
उठले तर सगळं इतकं गप्प,
मला वाटलं वाडीत कोणीतरी गेलं.
घरोघर विचारत फिरले, कोण गेलं गो, कोण गेलं.

आम्ही हसलो. मग हसायचं थांबलो.

डेकाटेने पानं पुढे केली, मागे केली.
झोप उत्पन्नात बसेना.
आरोग्यात बसेल का विचारतो म्हणाला.
इतरमध्ये त्याने आधीच समाधानी लिहून ठेवलं होतं,
सगळ्या वाड्यांना एकच, एकाच शाईत.

मी जाळं विणायची पट्टी आणली
आणि कागदाच्या कडेला एक उभी रेघ मारली.
नववा रकाना. अरुंद झाला, कागदच तेवढा होता.
रुक्खीआत्याच्या नावापुढे लिहिलं, दुपारी झोपली.
दिराच्या नावापुढे, अजून आला नाही.
डेकाटे बघत होता.
खोडलं नाही त्याने.
पुढे कोणी खोडलं असेल तर मला माहीत नाही.

भरती आली, होडी धक्क्याला लागली,
तरी बूट त्याने हातातच धरले होते.
निघताना पाव किलो सुकट दिली कागदात बांधून.
कशी खायची, त्याने विचारलं.
भाजून, कांदा घालून, मरियम म्हणाली,
आणि खिडकी उघडी ठेवा, वास सुटतो.
तो कचरला, पण घेतली,
जागा नव्हती म्हणून फायलीतच ठेवली.

तो वास कागदाला लागला की जात नाही.
आमच्या गटाची सगळी वह्या-पुस्तकं
तशीच आहेत.