प्रश्न क्रमांक नऊ

मूळ प्रश्नावलीत अडतीस वाक्यं होती,
कुठल्याशा थंड देशात घासूनपुसून लख्ख केलेली.
गाण्याशी माणसाचं किती आणि कसं जमतं
ते मोजायची.
मला ती मराठीत आणायची होती,
वाक्याला चाळीस रुपये,
चहा माझा मला.

आठ वाक्यं मुकाट आली.
नववं मी लिहिलं:
गाणं ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो.
एक म्हणजे मुळीच नाही, सात म्हणजे अगदी.

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या पोत्यावर बसून
बिरू हाक्के म्हणाले,
"काटा? त्यो तिकडं, तिसऱ्या गाळ्यात.
कालपासनं दोन किलो कमी दावतोय."
मी बाही सारून हातावरचे केस दाखवले.
"ह्यो व्हय! ह्यो साप दिसल्यावर येतो."
मग पिवळ्या बोटांनी तंबाखू मळत, जरा वेळानं,
"आन् एकदा जत्रंत, रातच्याला,
पन्नास ढोल एकदम थांबले, तवा.
वाजताना न्हाई बरं का. थांबल्यावर."

'ऐकताना'च्या चौकटीत
थांबलेले ढोल कुठं बसवू?
समासात बारीक लिहिलं: थांबल्यावर.

कराडच्या गाडेकर मॅडम माझी मराठी
उलटी फिरवून परत त्यांच्या भाषेत नेत,
मूळ कागद न बघता. तसा नियमच होता.
त्यांच्या हातून नववं वाक्य निघालं ते असं:
गाणं मला टोचतं.
मी हसले.
आणि मिरजेच्या बसमध्ये अंकलीपर्यंत
तेच घोकत राहिले.

मिरजेत इलाहीभाई घोडीवर कानस चालवत होते.
वर आढ्याला भोपळे, खाली भुसा.
वाजवता?
"नाही."
गाता?
"तोबा."
रोज किती वेळ ऐकता?
त्यांनी तार छेडली. कानस एकदाच फिरवली. पुन्हा छेडली.
"हेच. हा एक सूर. बावन्न वर्षं."
माझ्याकडं शेवटचा पर्याय होता
'चार तासांपेक्षा जास्त'.
त्यावर खूण केली, लाजत.

आणि काटा?
"आता मला नाही येत," ते म्हणाले,
"तारेला येतो.
खालचा दोरा असा केसभर सरकवत न्यायचा,
एका जागी तार शहारते.
तिथं हात काढून घ्यायचा."

शहारते.
बसस्टँडवर, तिकिटाच्या पाठीमागं
मी नववं वाक्य पुन्हा लिहिलं.
आठवड्यानं गाडेकर मॅडमचं उत्तर आलं:
गाणं ऐकताना मला थंडी वाजते.

अजून ठरलेलं नाही काही.
बेचाळीस कागद टेबलावर पडलेत.
हाक्क्यांच्या कागदावर, नवव्या ओळीत
हळदीचा अंगठा उमटलाय,
पाच, सहा, सात, तिन्ही आकडे झाकून.
बेरीज करताना मी दर वेळी
तिथून पुढं जाते.