चावीवाल्याची बायको चालते

परळच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
तस्नीम नावाच्या मुलीने कोपराखाली पट्टा आवळला
आणि म्हणाली, आजी, पाच मिनिटं हलायचं नाही.
हात आधी जड झाला, मग मुंग्या आल्या,
मग तो कुणा दुसऱ्याचाच वाटू लागला.
तेव्हा तिने पट्टा सोडला.
रक्त धावलं.
पडद्यावर माझी धमनी, राखाडी, दोन काठांची,
किती रुंदावते ते ती मोजत होती,
केसाएवढ्या मापाने.

शेजारच्या खाटेवर हे.
एकतीस वर्षं पाणीखात्यात चावीवाले.
पहाटे साडेतीनला उठून
खिंडीपाड्यापर्यंत व्हॉल्व्ह फिरवत गेलेला माणूस.
गल्लीत कुणाची तरी बादली वाजली
की यांना कळायचं, पोचलं.
तस्नीमला म्हणाले, पोरी, नळ जुना झाला की
आतून गंज धरतो, भोक अरुंद होतं,
मग नळ बदलायचा. दुसरा उपाय नाही.
ती म्हणाली, आजोबा, हा नळ जिवंत आहे.
रक्त जोरात गेलं की आतल्या अस्तराला कळतं,
आणि तो आपला आपण सैल होतो.
वयानं विसरलाय, एवढंच.
चाललात की आठवेल.
हे गप्प. खात्यात असला नळ त्यांनी पाहिला नव्हता.

तर मग तीन महिने.
आठवड्याचे सहा दिवस, चाळीस मिनिटं,
बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं.
मुलुंडला आमच्या मागून मोठी पाइपलाइन जाते.
आमच्याहून जुनी, पोटात तानसाचं पाणी,
ठिबकते तिथे अळूचं रान.
तिच्या कडेने आम्ही.
हे पुढे, मी मागे,
सप्तपदीपासून पडलेली सवय.
पहिल्या आठवड्यात पोटऱ्या बोलल्या,
दुसऱ्या आठवड्यात रेगेबाई.
या वयात बूट, वहिनी?
होय, बूट. निळे. नाडीसकट.

पुन्हा परळ, पुन्हा पट्टा, पुन्हा मुंग्या.
यांचा आकडा वाढला होता.
धमनी आता पूर्वीच्या दीडपट उघडते, तस्नीम म्हणाली,
आणि हे असे हसले
जसे अडकलेला व्हॉल्व्ह एकट्याने फिरवल्यावर हसायचे.
माझा आकडा जिथल्या तिथे.

ती जरा वेळ पडद्याकडेच बघत राहिली.
मग म्हणाली, आजी, बायकांचं होतं असं कधी कधी.
पाळी गेली की अंगातलं एक रसायन आटतं.
चालणं तेच, पण धमनी तितकं ऐकत नाही.
का, ते अजून पुरतं कळलेलं नाही.
म्हणजे इथेही, मी म्हटलं,
टोकाच्या घराला पाणी शेवटी.
ती हसली नाही.
यांनी मान खाली घातली. टोकाच्या घरांच्या शिव्या
त्यांनी एकतीस वर्षं खाल्ल्या होत्या.

रिक्षात म्हणाले, उद्यापासून नाही आलीस तरी...
मी म्हटलं, गजर साडेपाचचाच ठेवा.

तस्नीमच्या कागदावर सगळं कुठे मावतं?
लिफ्ट बंद असली तरी भाजीच्या पिशव्या घेऊन
चौथा मजला, मध्ये न टेकता.
झोप लागते ती विहिरीत दगड पडावा तशी.
आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, अळूच्या वळणावर,
मी यांच्या पुढे गेले.
मुद्दाम नाही. पाय गेले.
मागून आवाज आला, अगं, हळू.
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आता कधी मीच थांबते यांच्यासाठी.
हे येतात, पाइपावर तळवा टेकतात,
कान लावतात. जुनी खोड.
काय म्हणतंय, मी विचारते.
वाहतंय, म्हणतात.
मी कोपराच्या खोबणीत दोन बोटं ठेवून बघते
आणि निघते.